वॉकी-टॉकी घ्यायचीय? चिनी डबल बँड की लायसन्स न लागणारी 446

आषाढ जवळ आला की पन्हाळा–पावनखिंड मोहिमेला माणसं घेऊन जाणाऱ्यांचे फोन सुरू होतात: वॉकी-टॉकी कुठली घेऊ? समोर बहुतेक दोनच पर्याय असतात. एक म्हणजे ऑनलाइन स्वस्तात मिळणारा चार-पाच वॅटचा चिनी डबल बँड (दोन फ्रिक्वेन्सी पट्ट्यांत चालणारा) संच, दुसरा 446 मेगाहर्ट्‌झचा लायसन्स न लागणारा. आमच्या ग्रुपकडे दुसरा आहे, ओळखीच्या एका ग्रुपकडे पहिला. एकाच वाटेवर दोन्ही ऐकलेत, त्यावरून सांगतो.

रेंजचं आधी सांगतो, कारण सगळे तिथंच अडकतात. मसाई पठारावर, मोकळ्यात, पुढचा आणि मागचा गडी यांच्यात आमचे अर्ध्या वॅटचे संच खणखणीत चालतात. करपेवाडी सोडून झाडी आणि ओढे लागले की आवाज तुटायला लागतो. चिनी संच तिथं जरा जास्त तग धरतो, हे मान्य करायला हवं. पण दहापट वॅट म्हणजे दहापट अंतर नव्हे. मध्ये डोंगराची सोंड आली की दोन्ही सारखेच मुके होतात. खोक्यावर छापलेले किलोमीटर बघून पैसे देऊ नका.

माझा निर्णय मात्र रेंजवर झालाच नाही, बिलावर झाला. घेण्याआधी चिनी संच विकणाऱ्या एकाला फोन लावला होता. दोनच गोष्टी विचारल्या: संच कुठल्या फ्रिक्वेन्सीवर चालतो आणि त्याचं ईटीए, म्हणजे दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेच्या मान्यतेचं, सर्टिफिकेट आहे का. उत्तर आलं, "सगळ्या फ्रिक्वेन्सीवर चालतंय की साहेब, तुम्ही म्हणाल ती टाकून देतो." आणि सर्टिफिकेट? "ते कोण मागतंय?" बिल कसं मिळेल ते बघावं म्हणून व्हॉट्सॲपवर एक नमुना मागवला, तर त्यात मालाचं नाव 'इलेक्ट्रॉनिक खेळणी'. मॉडेल नंबर नाही, आयात कुणी केली त्याचा उल्लेख नाही. असा संच पावसात बंद पडला तर भांडायचं कशाच्या जोरावर? कागदोपत्री मी रेडिओ घेतलेलाच नसणार. ग्राहकाचा सगळा हक्क त्या एका चिठोऱ्यावर उभा असतो आणि इथं तेच खोटं. त्याचा मला मनापासून राग आला, अजून येतो.

शिवाय जे तो कौतुकानं सांगत होता, तिथंच कायद्याची अडचण आहे. हे संच साधारण 136 ते 174 आणि 400 मेगाहर्ट्‌झच्या पुढच्या मोठ्या पट्ट्यात कुठंही बोलू शकतात. त्याच पट्ट्यात सरकारी खाती आणि परवाना काढलेल्या कंपन्याही बोलत असतात. कीपॅडला लॉक नसेल तर चिखलानं भरलेल्या हाताचा एक अंगठा पुरतो, संच भलतीकडं जातो आणि बोलणाऱ्याला पत्ताही लागत नाही. 2018 च्या नियमांनी परवान्यातून मोकळा केलेला पट्टा आहे 446.0 ते 446.2 एवढाच. त्यातल्या संचालाही ईटीए मान्यता लागतेच. पट्ट्याबाहेरचा संच विनापरवाना नुसता जवळ बाळगणंही चालत नाही, हा नियम 1933 च्या वायरलेस कायद्यापासूनचा आहे. अमेरिकेतल्या भाच्यानं आणलेली जोडीही यात अडकते, कारण तिकडचे संच 462 आणि 467 वर बोलतात.

मे 2025 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 13 ई-कॉमर्स कंपन्यांना नोटिसा काढल्या, त्या याच कारणासाठी. फ्रिक्वेन्सी लिहिलेली नाही, परवाना लागतो का ते सांगितलेलं नाही, मान्यतेचा पुरावा नाही. त्याच महिन्याच्या अखेरीला मार्गदर्शक सूचनाही आल्या. म्हणजे ही माहिती विचारणं म्हणजे आपला चोखंदळपणा नव्हे, ती देणं विकणाऱ्याचं काम आहे.

446 मध्ये सगळं गोड आहे असं नाही. चॅनल मोजून सोळा, आणि ते सगळ्यांचेच. मोहिमेच्या गर्दीत दुसऱ्या ग्रुपची बडबड मध्ये येते. सब-टोन (आपल्याच ग्रुपचा आवाज ऐकू देणारी खूण) लावला की ती ऐकू येत नाही, पण चॅनल अडलेला राहतोच. खासगी असं काही बोलायचं नाही, हे आमच्या पोरांना आधीच सांगून ठेवतो. किंमतही, निदान आम्ही घेतला तेव्हा, चिनी संचापेक्षा चांगलीच जास्त होती. बजेट अगदीच तोकडं असेल तर मन तिकडं वळणार, हे मी समजू शकतो.

ज्याला त्या चिनी संचाचीच ओढ आहे त्यानं हॅमची, म्हणजे हौशी रेडिओची, परीक्षा द्यावी. वयाची बारा वर्षं पुरी झाली की बसता येतं आणि विषयही सुंदर आहे. पण लायसन्स ज्याचं त्यालाच लागू होतं, ग्रुपमधल्या बाकीच्यांना ते चालत नाही आणि धंद्यासाठी तर नाहीच. शिरोली एमआयडीसीतल्या कारखान्याला रोजच्या कामासाठी हवे असतील तर वेगळी फ्रिक्वेन्सी परवान्यासकट घ्यावी, ती वाट निराळी.

फसवा माल आधीच घरात आला असेल तर गप्प बसू नका. जाहिरातीत सांगितलं तसा माल नसेल तर तो परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही, असं 2020 चे ई-कॉमर्स नियम सांगतात. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यानं 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा. नाहीच झालं तर 1915 ला फोन करा, त्यापुढं जिल्हा ग्राहक आयोग. विक्रेता दिल्लीचा असला तरी तुम्ही राहता तिथंच, म्हणजे कोल्हापुरातच, दावा लावता येतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची.

दुकानात 446 चा संच हातात घेतलात की बॅटरी काढून आतलं लेबल बघा. तिथला मॉडेल नंबर, ईटीए सर्टिफिकेटवरचा आणि बिलावरचा, तिन्ही जुळले तरच पैसे द्या. आणि जमलं तर जोडीऐवजी तीन संच घ्या. पांढरपाणीच्या पुढं जिथं आवाज तुटतो तिथं आम्ही तिसरा गडी मध्ये उंचावर थांबवतो, तो निरोप पुढं देतो. वॅट वाढवण्यापेक्षा आम्हाला तरी त्याचाच जास्त उपयोग झालाय.