पॉइंट अँड शूट, म्हणजे खिशातला छोटा डिजिटल कॅमेरा घेताय? आधी बॅटरीचं झाकण उघडून बघा

मे महिन्यात भाची चिपळूणला आली आणि पाय धुवायच्या आधी पहिला प्रश्न, आत्या तुझा तो जुना डिजिकॅम आहे का गं अजून? मला आधी कळेचना काय मागतेय, कारण आमच्या घरात त्याला कधी कोणी डिजिकॅम म्हटलंच नाही, तो "डिजिटल" होता. डिजिटल घेतलास का, डिजिटलचे सेल कुठायत, असं. तिच्या कॉलेजात म्हणे आता प्रत्येकीकडे एकेक आहे आणि ऑनलाइन सेकंडहँड बघायला गेलं तर पाच-सहा हजार सांगतात, अशा कॅमेऱ्यांचे जे चार वर्षांपूर्वी भंगारवाल्याने वजनावर पण घेतले नसते. कपाटातून काढून दिला. पण तोवर तिने मला दहा लिंका पाठवल्या होत्या, यातला कुठला घेऊ सांग म्हणून, आणि प्रत्येक ठिकाणी मेगापिक्सेल मोठ्ठ्या अक्षरात आणि कॅमेऱ्यात बॅटरी कुठली पडते ते कुठेतरी तळाला बारीक, किंवा नाहीच. म्हणून घरात आजवर झालेल्या तीन कॅमेऱ्यांचं बरंवाईट लिहून टाकते, कोणाला उपयोग झाला तर झाला.

पहिला, आणि अजून चालू असलेला, कॅनन पॉवरशॉट ए५९० आयएस. २००८ चं मॉडेल, ८ मेगापिक्सेल, ४ एक्स झूम, अडीच इंची स्क्रीन आणि आत दोन पेन्सिल सेल. तेव्हा दहा हजारांच्या आत मिळाला होता आणि दुकानदार आम्हाला पातळ, चकचकीत, लिथियम बॅटरीवाला घ्या म्हणून मागे लागलेला, हा घेतला तर तोंड वाकडं केलंन त्याने. दिसायला ठोकळा आहेच, उजव्या बाजूला सेलसाठी फुगवटा, पण तो फुगवटाच हातात धरायला बरा पडतो. डोळा लावून बघायची खिडकी आहे, म्हणजे ऑप्टिकल व्ह्यूफाइंडर, आणि ज्याने गुहागरच्या समुद्रावर दुपारी बाराला स्क्रीनकडे बघत फोटो काढायचा प्रयत्न केलाय त्यालाच त्या खिडकीची किंमत कळेल. त्यातून दिसतं त्यापेक्षा फोटोत आजूबाजूचं जरा जास्त येतं, त्यामुळे लग्नाच्या ग्रुप फोटोत कडेला उभे असलेले आणि आपण मुद्दाम वगळलेले लोक पण येतात, ते एक आहे.

आता सेल. यावर जरा जास्तच लिहिणारे कारण सगळा खेळ तिथेच आहे. घड्याळात घालतो तो साधा दहा-बारा रुपयांचा पेन्सिल सेल यात घातला तर कॅमेरा चालू होतो, लेन्स बाहेर येते, फ्लॅश भरायला घेतो आणि "बॅटरी बदला" म्हणून मान टाकतो. लोकांना वाटतं कॅमेराच खराब. तसं नसतं, फ्लॅश भरताना आणि लेन्सची मोटर फिरताना एकदम जोराचा करंट लागतो आणि त्या सेलाचा तेवढा दम नसतो. अल्कलाइन सेल चालतात पण ते पण दमतात, अर्धे शिल्लक असताना कॅमेरा संपले म्हणतो आणि तेच सेल मग रिमोटमध्ये सहा महिने चालतात (आमच्या टीव्हीचा रिमोट वर्षानुवर्षं कॅमेऱ्याच्या उष्ट्यावर जगला). खरे उपयोगी ते रिचार्जेबल, निकेल मेटल हायड्राइडचे. लिहिलेलं असतं १.२ व्होल्ट, अल्कलाइनवर १.५, म्हणून माणूस फसतो, पण जोर लावायची वेळ आली की १.२ वाला टिकून राहतो आणि १.५ वाला बसतो. जुन्या रिचार्जेबलचा त्रास एवढाच की चार्ज करून कपाटात ठेवले की महिन्या-दोन महिन्यांत आपोआप उतरायचे. सान्योने २००५ मध्ये एनेलूप काढले ते न वापरता पण चार्ज धरून ठेवतात, आता ते पॅनासॉनिकच्या नावाने मिळतात आणि तसलेच इतरांचे पण मिळतात. आमच्या घरी चार आहेत, दोन कॅमेऱ्यात दोन खिशात, एका चार्जवर चारेकशे फोटो सहज निघतात. आणि संपले आणि खिशातले पण संपले तर कुठल्याही गावात एसटी स्टँडजवळच्या टपरीवर पेन्सिल सेल मिळतो, दहा फोटोंपुरता का होईना. हे सुख लिथियमवाल्यांना नाही.

सेल घालून कॅमेरा कपाटात ठेवू नका मात्र. हे मी एकदा करून बसले. पावसाळा गेला आणि गणपतीला कॅमेरा काढला तर आत पत्र्यावर पांढरट हिरवी खरपुडी, अल्कलाइन सेल गळलेले. घरात व्हिनेगर नव्हतं, मग कानात घालायच्या काडीला लिंबू लावून घासत बसले, चरचर आवाज येतो आणि सुटतं ते, मग कोरड्या काडीने पुसून एक दिवस उघडं ठेवलं. चालू झाला. झाकणाचं खटकं मात्र दादाने पायरीवर पाडला तेव्हा तुटलं ते तुटलंच, तेव्हापासून त्याला रबर बँड आहे.

दुसरा कॅमेरा. याचं नाव लिहीत नाही. २०११ मध्ये हौसेने घेतला, पातळ, जांभळा, टचस्क्रीन, १४ मेगापिक्सेल, आधीच्याच्या जवळजवळ दुप्पट म्हणून आम्ही खूश. उन्हात फोटो छान यायचे, खोटं कशाला बोलू. पण संध्याकाळी घरात ट्यूबलाइटखाली काढला की चेहरे रांगोळी पसरल्यासारखे, केस म्हणजे नुसता काळा लगदा. तेव्हा कळलं नव्हतं पण गणित सोपं आहे, सेन्सर, म्हणजे आत उजेड टिपणारी चकती, करंगळीच्या नखाएवढाच, त्याच्यात आठच्या जागी चौदा कोंबले तर एकेकाच्या वाट्याला उजेड येणार किती. मेगापिक्सेल म्हणजे ताटं जास्त मांडली, भात तेवढाच.

त्याचं मरण शिमग्यात आलं. आमच्याकडे पालखी घरी येते, सहाणेवर, म्हणजे पालखी ठेवायच्या चौथऱ्यावर, नाचवतात, गुलाल एवढा की समोरचा माणूस दिसत नाही, आणि मी पुढे घुसून फोटो काढतेय. या कॅमेऱ्यांची लेन्स दुर्बिणीसारखी एकातून एक नळी बाहेर येते ना, बंद करताना त्या नळ्या आत जाताना अंगावरची धूळ पण घेऊन जातात. मी दर दोन मिनिटांनी बॅटरी वाचवायला बंद करतेय चालू करतेय, म्हणजे स्वतःच्या हाताने गुलाल भरतेय. घरी येऊन चालू केला तर किर्र किर्र किर्र, तीन वेळा ढकलून बघितलं त्याने, आणि स्क्रीनवर लेन्स एरर. अर्धी लेन्स बाहेर अर्धी आत, जीभ काढल्यासारखी. सर्व्हिस सेंटरला नेला तर त्यांनी पूर्ण लेन्सच बदलावी लागेल म्हणून जो आकडा सांगितला त्यात नवा आला असता. नंतर एका घड्याळजीने हलक्या हाताने उघडून झटकून दिला आणि चालला सुद्धा वर्षभर, पण मग बॅटरी फुगली. त्या बॅटरीचा आकार त्या एक-दोन मॉडेललाच बसणारा, कंपनीने ते मॉडेल कधीच बंद केलेलं, मोबाइलच्या दुकानातून डुप्लिकेट आणली ती चाळीस फोटोत गार. अशा रीतीने नव्या जमान्याचा कॅमेरा सहा वर्षांत खोक्यात गेला आणि ठोकळा आहे तिथेच आहे.

त्या शिमग्याच्या फोटोंत पांढरे गोल गोल ठिपके आलेत सगळीकडे. आजी म्हणाली होती देवाचं तेज. मी काही बोलले नाही. छोट्या कॅमेऱ्यात फ्लॅश लेन्सला अगदी चिकटून असतो, त्यामुळे लेन्ससमोर वीतभर अंतरावरचे गुलालाचे कण, पावसाचे थेंब पण लख्ख उजळतात आणि फोकसबाहेर असल्याने गोल दिसतात. पावसात फ्लॅश मारून बघा, आमच्याकडे जुलैमध्ये रोज तेज असतं.

तिसरा माझा नाही, दादाचा, म्हणजे भाचीच्याच बाबांचा. सोनी आरएक्स १००, पहिला, २०१२ वाला, त्याने पाच-सहा वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतला. २० मेगापिक्सेल, झाइस या जर्मन कंपनीची लेन्स, एफ १.८ म्हणजे भरपूर उजेड आत घेणारी, आणि खरी गोष्ट म्हणजे एक इंची म्हणतात तो सेन्सर, १३.२ बाय ८.८ मिलिमीटर, म्हणजे बाकीच्या खिशातल्या कॅमेऱ्यांच्या साधारण चौपट क्षेत्रफळ. समईच्या उजेडात गौरीचा फोटो काढला होता दादाने, फ्लॅश न मारता, नथीतला एकेक मोती वेगळा दिसतो. लिथियम बॅटरी आहे पण इथे एक फरक आहे, यातली एनपी-बीएक्स१ ही बॅटरी सोनीने या मालिकेतल्या पुढच्या सगळ्या मॉडेलना तीच ठेवली, म्हणून आजही नवी मिळते, आणि कॅमेऱ्यातच यूएसबीने चार्ज होते. लिथियमवाला घ्यायचाच तर हे बघून घ्या, की तीच बॅटरी आणखी किती मॉडेलना चालते. झूम जेमतेम साडेतीन पट, लांबचा पक्षी वगैरे विसरा.

मग भाची बाबांचा का नाही घेत? कारण त्याचे फोटो म्हणे खूपच चांगले येतात, व्हाइब नाही. मी म्हटलं बाई आम्ही ज्याला खराब फोटो म्हणून डिलीट करायचो त्याला आता व्हाइब म्हणतात का. तोंडावर फ्लॅश, मागे मिट्ट काळोख, कपाळ चमकतंय, डोळे लाल. ती म्हणते सीसीडीचा, म्हणजे जुन्या प्रकारच्या सेन्सरचा, कलर. ए५९० मध्ये सीसीडी आहे हे खरं, पण माझ्या मते निम्मी जादू त्या थेट फ्लॅशची आहे आणि उरलेली लहान सेन्सर नि जुन्या जेपेगची, म्हणजे कॅमेरा फोटो साठवताना त्यावर जी प्रक्रिया करतो तिची. फ्लॅश बंद करून तिला ढगाळ दिवशीचा फोटो काढायला लावला तर म्हणाली हा फोनसारखाच आलाय.

शिकवायला मात्र मजा आली. ती फोनसारखं बटण एकदम टोचायची आणि फोटो हललेला नाहीतर धुरकट. दोन दिवस सांगत होते, अर्धं दाब, थांब, दोनदा बीप वाजेल, हिरवा दिवा लागेल, तसंच धरून ठेव, आता दाब पूर्ण. अर्धं दाबून ठेवलं की फोकस आधीच झालेला असतो म्हणून मग फोटो लगेच पडतो, नाहीतर मूल हसून झाल्यावरचा, ओवाळणी टाकून झाल्यावरची पाठमोरी आत्या असे फोटो येतात, आमचे पहिल्या वर्षाचे सगळे अल्बम तसेच आहेत. म्हणजे होते. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं तेव्हा तळमजल्यावरच्या कपाटातले अल्बम सगळे गेले, पानं चिकटून एक वीट झाली नुसती. कॅमेरा आणि कार्डांची डबी वरच्या खोलीत होती, म्हणून २००८ नंतरचं तरी आहे.

कार्डावरून आठवलं, जुना कॅमेरा घेताना ६४ जीबीचं कार्ड घेऊ नका, यातल्या बऱ्याच कॅमेऱ्यांना ३२ च्या वरचं कळत नाही आणि फारच जुने असतील तर २ च्या वरचं पण नाही. ८ मेगापिक्सेलचा एक फोटो साधारण ३ एमबी, २ जीबीत सहाशेक बसतात, पुरे झालं की. त्या काळातल्या सोनीत मेमरी स्टिक नावाचं वेगळंच कार्ड असायचं, ते शोधत फिरावं लागेल.

सेकंडहँड घ्यायचा तर प्रत्यक्ष बघून घ्या. दुकानात लेन्स आत-बाहेर दहा वेळा करा आणि कान लावून ऐका, आवाज एकसारखा सुर्रर्र यायला हवा. मोबाइलचा टॉर्च लेन्सवर तिरका मारून बघा, आत कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर बुरशी, कोकणातला आणि मुंबईतला माल असेल तर हे आधी. बाहेरून पुसून जात नाही ती. बॅटरीचं झाकण उघडून पट्ट्या बघा. कोणी तांदळाच्या डब्यात ठेवायला सांगेल तर ऐकू नका, तांदळाची भुकटी म्हणजे गुलालाचीच बहीण, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा.

नवाच हवा असेल तर सध्या गंमत चाललीय, कॅननने २०१६ चं मॉडेल २०२५ मध्ये किरकोळ बदल करून जपान-अमेरिकेत परत विकायला काढलं, तोच २० मेगापिक्सेल, तोच १२ एक्स झूम, फक्त आता मायक्रोएसडी कार्ड. एवढी मागणी आहे म्हणजे माझी भाची एकटीच वेडी नाही.

ती गेली पुण्याला, ठोकळा घेऊन. चार सेल, चार्जर, ४ जीबीचं कार्ड, रीडर आणि दोन जादा रबर बँड दिलेत. तिसऱ्या दिवशी मेसेज आला, आत्या हा दर वेळी चालू केला की तारीख का विचारतो. आत एक नाण्याएवढा बारका सेल पण आहे तो संपलाय, सांगितलं, कुठल्याही घड्याळवाल्याकडे जा.