उंचीची भीती: गोळी घेऊन सराव की नुसता सराव?

एक्स्पोजर थेरपी, म्हणजे भीती वाटते त्या गोष्टीला टप्प्याटप्प्याने सामोरे जाण्याचा उपचार, घ्यायचे ज्यांचे ठरले आहे, पण सत्राआधी औषध घ्यावे की नाही यापाशी अडले आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. एका मॉलच्या काचेच्या लिफ्टमध्ये मी दोन्ही प्रकारे चढलो आहे. अर्थात एकट्याचा अनुभव म्हणजे चाचणी नव्हे.

संशोधनात सर्वाधिक गाजले ते डी-सायक्लोसेरीन. हे मुळात क्षयाचे औषध. ते भीती दाबत नाही, तर ‘येथे धोका नाही’ हा नवा धडा मेंदूत पक्का व्हायला मदत करते. २००४ मध्ये अटलांटाच्या एमरी विद्यापीठातील संशोधकांनी उंचीला घाबरणाऱ्यांना आभासी काचेच्या लिफ्टमध्ये दोनच सत्रे दिली, आणि गोळी घेतलेल्यांची भीती अधिक ओसरली. मात्र २०१७ मध्ये २१ चाचण्यांची माहिती एकत्र पाहिली, तेव्हा हा लाभ बराच लहान निघाला. शिवाय सत्र फसले तर भीतीच पक्की होण्याची शक्यता असते, आणि गोळी घेताना सत्र कसे होणार हे कोणाला ठाऊक असते?

अल्प्राझोलाम या चिंता शमवणाऱ्या औषधाबद्दल मी साशंकच आहे. १९९७ च्या एका अभ्यासात विमानाला घाबरणाऱ्या स्त्रियांना गोळीमुळे पहिला प्रवास सुकर झाला, पण आठवड्याने गोळीविना केलेल्या प्रवासात त्यांनाच अधिक घबराट झाली.

मला डॉक्टरांनी, दमा नसल्याची खात्री करून, प्रोप्रानोलॉल हे हृदयाचे ठोके मंदावणारे औषध दिले होते. धडधड खरोखर कमी झाली आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत मी दांडा न धरता उभा राहिलो. परंतु गोळी घेतल्यावर तासभर फूड कोर्टात घड्याळाकडे पाहत बसावे लागे, आणि वर पोहोचल्यावर प्रश्न उरे की चढले कोण, मी की गोळी? एका रविवारी स्ट्रिप घरी राहिली. लिफ्टचे दार उघडले, हात आपोआप खिशाकडे गेला आणि रिकामा खिसा चाचपून मी मुकाट्याने जिन्याची वाट धरली.

त्यानंतर डॉक्टरांना सांगून मी गोळीविना सराव सुरू केला. काचेवर तळहातांचे ओले ठसे उमटत, पहिल्या फेऱ्या नकोशा झाल्या. पण सहाव्या फेरीला धडधड आपसूक ओसरली, आणि तिचे श्रेय कोणाला वाटून द्यावे लागले नाही.

ज्यांना लिफ्टच्या दारापर्यंतही जाववत नाही, त्यांना सुरुवातीला गोळीचा आधार कदाचित योग्य ठरेल. मात्र ती केव्हा थांबवायची, हे पहिल्याच भेटीत डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. मी ते विचारलेच नव्हते.