वजन की रंग : स्वयंचलित पिपेटिंग यंत्राची अचूकता तपासताना

सोलापुरातील प्रयोगशाळेत स्वयंचलित पिपेटिंग यंत्र (द्रवाचे ठरावीक, अगदी लहान आकारमान आपोआप मोजून सोडणारे यंत्र) तपासायचे म्हटले की वजनाची पद्धत आधी आठवते : यंत्राने सोडलेले शुद्ध पाणी सूक्ष्म तराजूवर तोलायचे आणि त्या तापमानाच्या घनतेने भागून आकारमान काढायचे. २० अंश सेल्सिअसला १ मायक्रोलिटर पाण्याचे वस्तुमान सुमारे ०.९९८ मिलिग्रॅम भरते. त्यामुळे थेंब जितका लहान, तितका बाष्पीभवनाचा दोष मोठा, आणि चाळिशी ओलांडणाऱ्या आपल्या कोरड्या उन्हाळ्यात खोलीचे तापमान व आर्द्रता सांभाळल्याशिवाय त्या आकड्यांवर विसंबणे मला धोक्याचे वाटते. मोठ्या आकारमानांसाठी मात्र हीच पद्धत साधी आणि भरवशाची आहे.

रंगद्रव्याच्या पद्धतीत यंत्राने रंगीत द्रव सोडायचा आणि तो किती प्रकाश शोषतो यावरून आकारमान ठरवायचे. तिला प्रमाणित द्रावणे आणि प्लेट रीडर (प्लेटच्या प्रत्येक खळग्यातील प्रकाशशोषण मोजणारे उपकरण) लागतो, खर्चही वाढतो; पण ९६ खळग्यांच्या प्लेटमधील प्रत्येक खळगा ती स्वतंत्रपणे दाखवते, तर संपूर्ण प्लेट तोलल्यास केवळ बेरीज कळते आणि यंत्राच्या एका वाहिनीची (द्रव सोडणाऱ्या टोकाची) तूट दुसरीच्या जादा थेंबाखाली झाकली जाते. रुग्णांचे नमुने हाताळणाऱ्या यंत्रासाठी ही झाकलेली तूट सर्वांत गंभीर आहे, म्हणून तेथे माझा कौल रंगाला.

अशा यंत्रांसाठीच्या २०२२ च्या आयएसओ २३७८३ या आंतरराष्ट्रीय मानकात दोन्ही पद्धतींना स्थान आहे. तरीही अहवालात पद्धत, तापमान आणि द्रव यांची नोंद नसेल, तर दोन प्रयोगशाळांचे आकडे शेजारी मांडू नयेत.