सत इसबगोल, 8 महिन्यांनंतर: भुसीपेक्षा पाण्याचा आणि वेळेचा हिशेब मोठा

इंदूरच्या मराठी घरांत इसबगोलचा पुडा असतोच, पण त्याची आठवण होते ती सराफ्याच्या खाऊबाजारात रात्री साडेअकराला दहीवडा, गराडूचा तळलेला कंद आणि वर रबडी झाल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हणजे आग लागल्यावर बंब. हा अनुभव रोजच्या वापराचा आहे. ऑगस्ट ते मार्च, एका घरातली 3 मोठी माणसं: एकाला जुनं बद्धकोष्ठ, दुसऱ्याचं पोट कधी सैल तर कधी घट्ट, तिसऱ्याची तक्रार वजनाची आणि रात्री छातीत जळजळून मोडणाऱ्या झोपेची. तिघांना गुण सारखा आला नाही.

आधी माल. इसबगोल आपल्या शेजारचंच पीक आहे, नीमच-मंदसौर पट्ट्यातलं, रब्बीचं. फेब्रुवारी-मार्चमध्ये कापणीला आलं की एक जोराची सर पुरते. बियांचं टरफल ओलं होऊन फुगतं आणि दाणे शेतातच गळून पडतात. भाव वर-खाली होण्यामागे बऱ्याचदा ही सर असते. बीवरचं पातळ टरफल काढलं की ती भुसी, म्हणजे सत इसबगोल. वजनात ती बियांच्या साधारण चौथा हिस्सा भरते, उरलेला गोला (सोललेला दाणा), लाली (तांबडे कण) आणि खाखा (बारीक चुरा) बराचसा ढोरांच्या खाद्यात जातो. सियागंजच्या ठोक बाजारात सुटी भुसी घेताना हे शब्द माहीत असलेले बरे, कारण स्वस्त मालात लाली आणि खाखा मिसळलेला असतो. तळहातावर चिमूटभर घेऊन बघा: चांगली भुसी पांढरट-गुलाबी, नावेच्या आकाराच्या पातळ पापुद्र्यांची असते. तांबडे-काळे कण आणि पीठ जास्त दिसलं तर सोडून द्या. दर्जा 85, 95, 98, 99 असे आकडे सांगून विकतात. ते शुद्धतेचे टक्के. 95 च्या पुढचा माल घरी पुरेसा आहे, 99 साठी जादा पैसे मोजून पोटाला काही वेगळं कळत नाही.

संत्र्याच्या चवीच्या पुड्या आम्ही दोन महिन्यांत बंद केल्या. चव बरी असते, पण बऱ्याच ब्रँडमध्ये साखर इतकी असते की एका मात्रेत भुसीपेक्षा तीच जास्त भरते. पुड्यामागचा तक्ता वाचा, पुढचं संत्र्याचं चित्र नको.

आता मुख्य गोष्ट. इसबगोल हे औषध कमी आणि पाणी वाहून नेणारा हमाल जास्त. आतड्यातले जंतू ही भुसी फारशी आंबवत नाहीत, म्हणून ती पाणी धरूनच शेवटपर्यंत पोचते. कोरडा मळ त्यामुळे मऊ होतो आणि पातळ मळ बांधला जातो. एकाच वस्तूने दोन्ही कसं होतं, या नेहमीच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. पण हमालाला द्यायला पाणीच नसेल तर तो आतड्यातलं ओढतो, आणि बद्धकोष्ठ होतं त्याहून वाढतं. आमच्या पहिल्या दोन आठवड्यांचं अपयश नेमकं हेच होतं. पुड्यावर ‘एक ग्लास पाणी’ लिहिलेलं, आणि घरात ग्लास म्हणून जे वापरात होतं ते फुलपात्र. मापून पाहिलं तर ते 150 मिलीच धरत होतं. 5 ग्रॅम भुसीला कमीत कमी 240 मिली लागतं, वर आणखी अर्धा ग्लास प्यायला तर उत्तम. माप बदललं आणि चौथ्या दिवशी फरक दिसला.

चमच्याचाही असाच घोळ. भुसी फार हलकी असते. चहाचा चमचा भरून सुमारे 2 ग्रॅम, मोठा चमचा सपाट भरून 5 च्या आसपास. तीच भुसी पावडर करून विकतात, तेव्हा त्याच चमच्यात जवळपास दुप्पट वजन बसतं. भुसीची सवय असलेल्याने पावडर त्याच चमच्याने घेतली तर संध्याकाळी पोट नगारा होतं. काटा असेल तर एकदा मोजून घ्या आणि पुढे तोच चमचा डब्यात ठेवा.

ढवळून काय होतं ते पाहण्यासारखं आहे. पहिली 20-30 सेकंद पापुद्रे नुसते तरंगतात, पाणी पाणीच असतं. मिनिटभरात कडा बुळबुळीत होऊन ते एकमेकांना चिकटू लागतात. चार-पाच मिनिटांत पेजेसारखं, आणि दहा मिनिटांनी ग्लास आडवा केला तरी पटकन सांडणार नाही असं जेल. प्यायचं ते पहिल्या 30 सेकंदांत. ‘भिजवून ठेवा, मग गुण जास्त’ असं सांगणारे आहेत. गुण तोच राहतो, पण घोट गिळवत नाही आणि माणूस अर्धा ग्लास बेसिनमध्ये ओततो. कोरडी भुसी तोंडात टाकून वरून पाणी पिण्याची सवय मात्र खरोखर धोक्याची. ती अन्ननलिकेत फुगून अडकू शकते. ज्यांना गिळायला त्रास होतो, किंवा आतडं कुठे अरुंद झाल्याचं सांगितलेलं आहे, त्यांनी हिच्या वाटेला जाऊ नये.

मात्रा चढवायची ती हळू. पहिला आठवडा 2 ग्रॅम, दुसरा आठवडा 4-5, आणि गरज वाटली तरच तिसऱ्यापासून सकाळी 5 आणि संध्याकाळी 5. पहिल्याच दिवशी दोन मोठे चमचे घेणाऱ्याला गुरगुर आणि फुगारा होतो, मग ‘मला सोसत नाही’ म्हणून डबा बंद. परिणाम दिसायला 12 तासांपासून 3 दिवस लागतात. हे जुलाबाचं औषध नाही, रात्री घेतलं आणि सकाळी धावलो असं होत नाही; तसं होत असेल तर पुड्यात दुसरं काहीतरी आहे.

ते दुसरं काहीतरी बहुतेक वेळा सोनामुखी असते, लेबलवर ‘सनाय’ म्हणूनही लिहितात. ‘नैसर्गिक’ म्हणून विकली जाणारी कित्येक चूर्णं तिच्यावरच चालतात. ती आतड्याला चाबूक मारून काम करून घेते. प्रवासानंतर एखाद्या रात्री ठीक आहे. महिनोन्‌महिने घेतली तर पोटात मुरडा, शरीरातलं पोटॅशियम कमी होणं, आणि आतड्याच्या अस्तरावर काळसर छटा येणं, हे सगळं होऊ शकतं. घरातल्या बद्धकोष्ठवाल्या माणसाचं कित्येक वर्षांचं चूर्ण हेच निघालं. ते एकदम बंद न करता तीन आठवड्यांत उतरवलं आणि त्याच वेळी इसबगोल चढवलं. मधला एक आठवडा रिकामा गेला, त्याची तयारी ठेवावी लागते.

वेळेच्या बाबतीत आमचं मत पुड्यावरच्या सूचनेशी आणि आजीच्या सल्ल्याशी जुळत नाही. ‘झोपताना कोमट दुधातून’ ही जुनी रीत. तिच्यात तीन अडचणी. दूध हे पाण्याच्या हिशेबात धरलं जातं पण पुरत नाही, कपभर असतं. दूध न पचणाऱ्याला पोट फुगण्याचं खापर भुसीवर फोडायला मिळतं. आणि साडेदहाला जे काय द्रव पोटात गेलं ते दोन-अडीचला उठवतंच. झोपेची तक्रार असलेल्या माणसाने झोपण्यापूर्वी मोठा ग्लास रिकामा करायचा, यात काही अर्थ नाही. शिवाय घेऊन लगेच आडवं होणं गिळण्याच्या दृष्टीनेही चांगलं नाही. आम्ही ते संध्याकाळी 7 ला आणलं, जेवणाच्या अर्धा तास आधी. जेवण साडेसात-आठला, झोप साडेदहा-अकराला. रात्रीचं उठणं आठवड्याभरात थांबलं. छातीतली जळजळ कमी व्हायला मात्र तीन आठवडे लागले, आणि ती भुसीमुळे कमी झाली असं म्हणता येणार नाही. जेवण आणि अंथरूण यांत तीन तास पडले म्हणून झाली. डावी कूस आणि पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली वीतभर उंचीचे ठोकळे, हेही कामी आले. उशा रचून मात्र काही होत नाही, त्याने पोट दुमडतं.

चहाचं एक. कॅफीन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात. सात वाजताचा कडक चहा हा साडेअकराला झोप न येण्याचा साधा हिशेब आहे. पाचच्या आत आणा. माळव्याच्या रात्री थंड, ‘शब-ए-मालवा’ म्हणतात ते उगाच नाही. एप्रिलमध्येसुद्धा खिडकी उघडी ठेवून झोपता येणाऱ्या गावात झोप न येण्याचं कारण हवेत नसतं, ताटात आणि हातातल्या फोनमध्ये असतं.

वजनाबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण जाहिराती त्यावरच आहेत. जेवणाआधी घेतलं तर पोट भरल्यासारखं वाटतं, दुसरी पोळी सुटते, इतकंच. तिसऱ्या माणसाचा काटा पहिले दोन महिने हलला नाही. हलला तो शेव बंद झाल्यावर. इंदूरमध्ये पोह्यांवर शेव, कचोरीवर शेव, वरण-भातावरही शेव. मूठभर म्हणजे 30 ग्रॅम शेवेत सुमारे 160-170 कॅलरी. दिवसातून दोनदा म्हणजे जवळपास एक जेवण, आणि ते कुणी जेवणात मोजत नाही. आता पोह्यांवर जीरावन मसाला, कांदा, डाळिंबाचे दाणे आणि लिंबू असतं, शेव फक्त रविवारी. दाल-बाफले (वरण आणि कणकेचे उकडून भाजलेले गोळे) महिन्यातून एकदा, दुपारी, रात्री कधीच नाही. तुपात बुडवलेला बाफला रात्री नऊला खाल्ला तर कुठलीही भुसी त्याला खाली ढकलायला येत नाही.

तंतू, म्हणजे फायबर, दिवसाला 25-30 ग्रॅम लागतात. त्यातले 4 भुसीतून आले तरी उरलेले ताटातूनच येणार. चक्कीवाल्याला गहू थोडा जाडसर दळायला सांगा आणि घरी कोंडा चाळू नका. पोळी दोन दिवस जड वाटते, मग जीभ सरावते. हिवाळ्यात जाम खा, म्हणजे आपला पेरू. 100 ग्रॅमला 5 ग्रॅमच्या आसपास तंतू, बियांसकट. पावसाळ्यातल्या भुट्ट्याच्या किसातही मक्याचं सगळं शाबूत असतं, फक्त साखर आवरा. उपासाच्या दिवशी साबुदाणा खिचडीत तंतू जवळजवळ नसतोच. चतुर्थीनंतरची सकाळ का अडते, ते यात आलं. इसबगोल उपासाला चालतं का हा प्रश्न घराघराचा. ते धान्य नाही, एवढं नक्की.

सैल-घट्ट पोटाच्या माणसाला सर्वांत चांगला गुण आला. सैल दिवसांत 5 ग्रॅम भुसी वाटीभर दह्यात, लगेच खायची, मागून पाणी, आणि दिवसभर मीठ-साखरेचं पाणी वेगळं. घट्ट दिवसांत तीच मात्रा भरपूर पाण्यातून. या प्रकारच्या पोटाला गव्हाचा जाड कोंडा अनेकदा त्रास देतो, इसबगोल सहसा देत नाही.

गोळ्या घेणाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. जेल गोळीला धरून ठेवतं. थायरॉइड, लोह, लिथियम, कार्बामाझेपीन, डिगॉक्सिन यांच्या आणि भुसीच्या मध्ये किमान दोन तास हवेत, थायरॉइडच्या गोळीला त्याहून जास्त ठेवलेले बरे. ती पहाटे उपाशीपोटी आणि भुसी संध्याकाळी केली की प्रश्नच मिटतो. भुसीमुळे जेवणानंतरची साखर हळू चढते, म्हणून मधुमेहाची औषधं चालू असतील तर पहिले काही दिवस ती मोजत राहा आणि डॉक्टरांना सांगा. कोलेस्टेरॉलही थोडं उतरतं: जेल पित्तरसातली आम्लं बाहेर नेतं आणि नवी बनवायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 1998 मध्ये हृदयरोगाचा धोका कमी होण्याबद्दलचा मजकूर पुड्यावर छापायला परवानगी दिली, ती रोज 7 ग्रॅम विरघळणाऱ्या तंतूसाठी; म्हणजे सुमारे 10 ग्रॅम भुसी. रोज एक चहाचा चमचा घेऊन ही अपेक्षा ठेवू नका.

शौचात रक्त, विनाकारण उतरणारं वजन, पन्नाशीनंतर अचानक बदललेली सवय: यांत भुसी घेत बसणं म्हणजे वेळ घालवणं. डॉक्टर.

सकाळची बाजू राहिली. नाश्त्यानंतर वीस मिनिटांत आतडं आपण होऊन हलतं, ती वेळ ऑफिसच्या घाईत दवडू नका. कमोड असेल तर पायांखाली वीतभर उंच पाट ठेवा. गुडघे कमरेच्या वर आले की कुंथावं लागत नाही. आमच्याकडे देवघरातला जुना पाट गेला तिथे, नवा आणावा लागला.

साठवण: ऑगस्टमध्ये उघडा पुडा आठ दिवसांत गोळा होतो. घट्ट झाकणाची काचेची बरणी, कोरडा चमचा, आणि ओतताना तोंड लांब. भुसीची धूळ दमेकऱ्याला बाधू शकते. माणशी रोज 5 ग्रॅम धरलं तर महिन्याला 150 ग्रॅम. तिघांचं अर्धा किलोच्या आत भागतं, त्यामुळे किलोभर एकदम आणून ठेवू नका. नवा माल उन्हाळ्यात बाजारात आला की तोवर जुना संपलेला असावा.