बिटवॉर्डन टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात: काही महिन्यांच्या वापरानंतर

बिटवॉर्डन म्हणजे सगळे पासवर्ड एका जागी कुलूपबंद ठेवणारं आणि लॉगिनच्या वेळी ते आपोआप भरणारं सॉफ्टवेअर. निकाल आधीच सांगते: घ्या. फक्त हे बसवताना कोणाचा ओटीपी कोणाच्या फोनवर येतो, तेही एकदा बघून घ्या. आम्हाला निम्मा आराम त्यातून मिळाला.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे, तिथलं ऑफिस मी बघते. जीएसटी, ई-वे बिल (माल गाडीने पाठवताना पोर्टलवर काढावं लागतं ते), निर्यातीची कागदपत्रं, बँक, कुरिअर, खरेदीदारांचे मेल अशी ढीगभर लॉगिन आणि ती वापरणारे चार-पाच जण. पूर्वी एका सल्लागाराने दर महिन्याला पासवर्ड बदलायचा नियम घालून दिला होता. झालं काय, तर शेवटच्या 01 चं 02 झालं, 02 चं 03, आणि चालू आकडा मॉनिटरला चिकटवलेल्या चिठ्ठीवर. याला लोकांचा आळस म्हणणं मला पटत नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने 2017 मध्येच सांगून टाकलं आहे की ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका, तो फुटल्याचा पुरावा असेल तेव्हाच बदला. दिवसभर बिलं करणाऱ्या माणसाने दर महिन्याला नवा, अवघड पासवर्ड पाठ करावा ही अपेक्षाच चुकीची आहे.

आता प्रत्येकाला बिटवॉर्डन उघडायचा एकच मास्टर पासवर्ड लक्षात ठेवावा लागतो. आम्ही एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडायला सांगितलं. लांब असतो, पण विसरत नाही. बाकीचे पासवर्ड लांबलचक, बिटवॉर्डननेच तयार केलेले. लॉगिनचे गट पाडता येतात, त्यामुळे डिस्पॅचला ई-वे बिल आणि ट्रान्सपोर्टवाल्यांची लॉगिन दिसतात, बँकेचं दिसत नाही.

मला सगळ्यात मोलाची वाटली ती एक साधी गोष्ट: वेबसाइटचा पत्ता जुळला नाही तर बिटवॉर्डन पासवर्ड सुचवतच नाही. मध्यंतरी ऑर्डरच्या कागदपत्रांची म्हणून एक लिंक मेलवर आली. उघडली तर आमच्या मेलचं लॉगिन पान, रंग, चिन्ह, सगळं हुबेहूब. अकाउंट्सच्या अक्कांनी हाक मारली, "मॅडम, आज हे भरंना झालंय बघा." जाऊन पाहिलं तर पत्त्यात एक अक्षर जास्तीचं. फसव्या मेलवर त्यांना कोणी व्याख्यान दिलेलं नव्हतं. रोज आपोआप भरतं ते आज भरत नाही, एवढ्यावरच त्या थांबल्या. सोय आणि सुरक्षा एकाच बाजूला असली की असं होतं, आणि म्हणून मी या सॉफ्टवेअरची एवढी बाजू घेते.

ओटीपीचं दुखणं वेगळं होतं. 1 एप्रिल 2025 पासून ई-वे बिल पोर्टलवर सगळ्याच करदात्यांना दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर ओटीपीही, लागू झाली. आमचा ओटीपी जायचा मालकांच्या मोबाइलवर. संध्याकाळी गाडी भरून उभी, मालक कुठेतरी लग्नात, आणि डिस्पॅचचे मामा फोनवर: "मालक, गाडी उभीये, ओटीपी सांगा की!" हळूहळू मालकांना कोणीही ओटीपी विचारला की सांगून टाकायची सवय लागत होती, आणि मला धास्ती त्याचीच होती. उपाय पोर्टलवरच आहे. सब-युजर, म्हणजे मुख्य खात्याखाली प्रत्येकाचं वेगळं लॉगिन, तयार करून प्रत्येकाचा स्वतःचा मोबाइल नोंदवायचा. एनआयसी-जीएसटी-शील्ड ॲप तर इंटरनेट नसतानाही ओटीपी देतं. आता मामा स्वतःच्या नावाने बिल काढतात, आणि कुठलं बिल कोणी काढलं हेही कळतं.

मर्यादाही आहेत. ब्राउझरमधलं एक्स्टेन्शन टॅलीत किंवा डिजिटल सहीच्या टोकनचा पिन विचारणाऱ्या खिडकीत काही भरत नाही, तिथे कॉपी करूनच टाकावं लागतं. पासवर्ड 'लपवून' वाटता येतो, पण जाणकार माणूस तो काढू शकतो. म्हणून कोणी काम सोडलं की त्याच्या गटातले पासवर्ड आम्ही त्याच दिवशी बदलतो. मास्टर पासवर्ड हरवला तर कंपनीलाही तो सांगता येत नाही, कारण तो त्यांच्याकडे नसतोच. मुख्य खात्याचा पासवर्ड आम्ही बंद पाकिटात तिजोरीत ठेवला आहे. दर थोड्या वेळाने बिटवॉर्डनला कुलूप लागायचं त्यावर सुरुवातीला सगळे वैतागले. मग कॉम्प्युटर लॉक झाला तरच लागेल असं केलं आणि उघडायला पिन दिला, तेव्हा कुरकुर थांबली.

बँकेच्या बाबतीत मात्र मी कोणालाच सूट दिली नाही. पेमेंट एकाने टाकायचं, दुसऱ्याने मंजूर करायचं. सूतवाल्याचा खाते क्रमांक बदलल्याचा मेल आला, तर मेलमधल्या नंबरवर नाही, आपल्या वहीतल्या जुन्या नंबरवर फोन करून विचारायचं. याला वेळ लागतो, महिनाअखेरीला जास्तच लागतो. पण बाकी दिवसभर कोणाची अडवणूक होत नाही, म्हणून इथे दहा मिनिटं थांबायला आता कोणी कां-कूं करत नाही. पुढच्या वर्षाची वर्गणी आम्ही भरली आहे.