संभाजीनगर ते मुंबई: रुग्णासाठी हेलिकॉप्टर की विमान?

व्हेंटिलेटरवरचा रुग्ण छत्रपती संभाजीनगरहून मुंबईला हलवायचं ठरलं की घरातलं कुणीतरी हमखास विचारतं, "हेलिकॉप्टर नाही का मिळत?" मिळतं. पण या दवाखान्याच्या गच्चीवरून त्या दवाखान्याच्या गच्चीवर, असं आपल्याकडे क्वचितच होतं. हेलिकॉप्टर जुहूला उतरतं, विमान सांताक्रूझला. पुढे ॲम्ब्युलन्स दोन्हीकडे आहेच. स्ट्रेचर उचलायच्या खेपा तेवढ्याच, आणि नळ्या निसटतात त्या नेमक्या तेव्हाच.

माझ्या मते खरा निकाल लागतो बिलाच्या काउंटरवर. निर्णय सकाळी नऊला होतो. मग विम्याची मंजुरी, न वापरलेली औषधं फार्मसीत परत, डिस्चार्ज समरीवर मोठ्या डॉक्टरांची सही. चार कधी वाजतात कळत नाही. हेलिकॉप्टर बहुतेक वेळा डोळ्यांना दिसतं त्या भरवशावर उडतं, म्हणजे सूर्यास्ताच्या आसपास कारभार आटोपला. डिसेंबरात मुंबईत सहालाच मावळतं. उड्डाण सव्वा ते दीड तासाचं, त्यामुळे साडेचारला पंखा फिरायला हवा. तेव्हा रुग्ण अजून लिफ्टपाशी असतो. मग मुक्काम, आणि थांबवल्याचे पैसे वेगळे. विमान संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावरून रात्रीही सुटतं, पाऊण-एक तासात पोचतं. विमानतळाची वेळ संपत असेल तर वाढीव वेळ मात्र आधी मागून ठेवावी लागते. पावसाळ्यात इगतपुरी-कसाऱ्यावर ढग बसले की हेलिकॉप्टरचं दिवसाही खरं नाही.

हेलिकॉप्टरची एक बाजू मात्र मान्य करायला हवी: ते खालून उडतं. फुप्फुसाबाहेर छातीत हवा साठलेल्या रुग्णाला उंची बाधते. विमानाच्या केबिनमधला दाब आठ हजार फुटांवरच्या हवेइतका असेल, तर ती हवा साधारण एक तृतीयांशाने फुगते. म्हणून विमानात चढवण्याआधी ती हवा बाहेर काढणारी नळी छातीत हवीच. शिवाय पायलटला केबिन समुद्रसपाटीच्या दाबावर ठेवायला सांगावं. किंग एअर बी-२०० या छोट्या विमानात सुमारे पंधरा हजार फुटांपर्यंत ते जमतं. इंधन थोडं जास्त जातं, जाऊ द्यावं. श्वासनळीतल्या ट्यूबच्या कफचा, म्हणजे तिच्याभोवतीच्या फुग्याचा, दाब वर गेल्यावर आणि उतरल्यावर पुन्हा मोजायचा, पाण्याच्या २० ते ३० सेंटिमीटरइतका हवा. उतरल्यावरची मोजणी हटकून राहून जाते, आणि कफ सैल पडून हवा गळते. हेलिकॉप्टरच्या आवाजात ती गळती कानावर येत नाही. स्टेथोस्कोप गळ्यात शोभेला, अलार्मही डोळ्यांनीच बघायचा.

ऑक्सिजन उड्डाणाच्या वेळेवर मोजू नये, आयसीयूच्या दारापासून दारापर्यंत मोजावा. बी टाइप सिलिंडरमध्ये सुमारे १५०० लिटर. मिनिटाला दहा लिटरने अडीच तास, प्रत्यक्षात दोनच धरावेत. हिशेब येईल त्याच्या दुप्पट सोबत ठेवावा, कारण ॲम्ब्युलन्स पश्चिम द्रुतगती मार्गावर अडकते.

गडचिरोलीतल्या भामरागडसारखी जागा असेल, पर्लकोटा नदीला पूर आला असेल, तर ही तुलनाच फिजूल, तिथे हेलिकॉप्टरच. पण धावपट्टी असलेल्या गावातून निघायचं असेल तर माझा कल विमानाकडे. मुंबईच्या धावपट्ट्या पावसाळ्याआधी आणि नंतर देखभालीसाठी काही तास बंद असतात, ती तारीख ऑपरेटरला विचारून घ्या. ॲम्ब्युलन्स विमानापर्यंत न्यायला गाडीचा नंबर आणि ड्रायव्हरचं ओळखपत्र आधी कळवावं लागतं. आणि काहीही ठरवा, घरातला एक माणूस सकाळपासून फक्त बिलाच्या काउंटरवर बसवा.