एअरलेसच्या नावानं लावलेला चुना

लिहू का नको म्हणत सहा महिने घालवले, कारण स्वतःचं येडेपण चारचौघांत सांगायला कुणाला आवडतं. पण आमच्या भागात पुराच्या पाण्यात उभं राहिलेलं लोखंड भरपूर आहे आणि त्याला रंग मारून देतो म्हणणारेही भरपूर झालेत, तेव्हा सांगूनच टाकतो.

सांगलीवाडीला आमचं जुनं गोडाऊन आहे, वडलांनी बांधलेलं, लोखंडी कॉलम, अँगलच्या कैच्या आणि वर पत्रा. २०१९ ला कृष्णा आत आली, २०२१ ला परत आली. दोन्ही वेळा गाळ उपसला, धुतलं, दोनचार सडलेले अँगल बदलले आणि वेळ मारून नेली. पण कॉलमला छातीएवढ्या उंचीपर्यंत गंज धरायला लागला, बेस प्लेटजवळ तर नखानं खपल्या निघायच्या. भाडेकरू हळदीचा व्यापारी, तो म्हणाला मालक काहीतरी करा, नाहीतर मी दुसरीकडं बघतो.

मग गेल्या वर्षी मार्चमध्ये एकाच्या ओळखीनं हा कॉन्ट्रॅक्टर आला. माणूस गोड. आल्याआल्या 'आण्णा, हे ब्रशचं काम न्हाई, हे एअरलेसचं काम' म्हणून सुरू झाला (एअरलेस म्हणजे हवा न मिसळता नुसत्या पंपाच्या दाबानं रंग फवारणारं मशीन) आणि मोबाईलवर व्हिडिओ दाखवले, कुठल्यातरी टाकीवर गडी उभा राहून गन फिरवतोय आणि मागं एकसारखा चकचकीत पट्टा पडत चाललाय. ब्रशनं तीन आठवडे लागतील ते मी पाच दिवसांत देतो म्हणाला. कोटेशन पण एकदम भारी दिलं, ब्लास्टिंग (दाबानं वाळूसारखे कण मारून गंज उडवायचा), त्यावर इपॉक्सी प्रायमर ७५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, थराची जाडी त्यात मोजतात), मधला इपॉक्सी कोट १०० मायक्रॉन, वर पीयू (पॉलियुरेथेन) ५० मायक्रॉन, म्हणजे एकूण २२५. रेट ४२ रुपये स्क्वेअर फूट, मालासकट. सगळ्या लोखंडाचं मिळून मोजमाप ६,००० स्क्वेअर फूट भरलं म्हणजे २ लाख ५२ हजार. मी तेवढ्यावरच खूश, कारण कागदावर मायक्रॉन बिक्रॉन लिहिलेला पहिलाच माणूस भेटला होता. एक लाख त्याच दिवशी ट्रान्स्फर केले.

पहिल्या दिवशी मशीन आलं, खरंच आलं, पिवळं, चाकांवरचं, लांब पाईप, सक्शन सरळ डब्यात सोडलेली. समोरचे दोन कॉलम माझ्यासमोर मारून दाखवले. बघायला काय मस्त वाटतं सांगू, हवेत धूर नाही, रंग जाड बसतोय, मी स्वतः व्हिडिओ काढून पोरांना पाठवला. दुसऱ्या दिवशी गेलो तर मशीन कोपऱ्यात झाकून ठेवलेलं आणि पोरं कंप्रेसर लावून कप गननं, म्हणजे हवेवर चालणाऱ्या पेल्याच्या गननं, मारतायत. विचारलं तर म्हणे टिप (गनचं बारीक तोंड) चोक झालीय, कोल्हापूरहून येतीय, तोवर काम थांबायला नको, शेवटी स्प्रे तो स्प्रेच की आण्णा. मला पटलं. स्प्रे तो स्प्रेच, ह्या एका वाक्यावर माझे अडीच लाख गेले.

ब्लास्टिंगचंही तसंच. शेजारी वस्ती आहे, वाळूची धूळ उडंल, लोकांना दमा होईल, तक्रार होईल, म्हणून ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून घासतो म्हणाला. आता वाळूच्या धुळीनं फुफ्फुस जातात हे खरंच आहे, पण म्हणून तर लोक कॉपर स्लॅग (तांब्याच्या भट्टीतल्या मळीचे कण) वापरतात, ते मला तेव्हा कुठं माहीत. घासलं तेही हाताला लागेल तेवढंच, कैच्यांकडं कोण चढतंय. रेट मात्र ब्लास्टिंगचाच. मधे एकदा वळीव झोडपून गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पोरं परत रंग मारत होती, कॉलमवर अजून ओल दिसत होती, पण मी म्हटलं त्यांचं त्यांना कळत असेल.

शेवटच्या दिवशी कॉन्ट्रॅक्टर साहेब मायक्रॉन मोजायचं मीटर घेऊन आले. छोटं यंत्र, लोखंडाला टेकवलं की आकडा येतो. इथं टेकव २१०, तिथं टेकव २४०, एका ठिकाणी २६० आला तेव्हा तर हसून म्हणाला, 'आण्णा, तुमच्यात जादाच गेलाय माल.' मी चहा पाजला आणि राहिलेले १ लाख ५२ हजार दिले. बिल मागितलं तर लेटरपॅडवर हातानं लिहून दिलं, जीएसटी लावलं तर उगं तुम्हालाच भुर्दंड म्हणे.

गोडाऊन दिसत होतं मात्र नवरीसारखं.

पावसाळा गेला, आणि दिवाळीच्या आधी व्यापाऱ्याचा फोन. पोत्यांवर वरनं पापुद्रे पडतायत, माल बघायला आलेल्यानं हळदीत हिरवी टिकली दाखवली. जाऊन बघतो तर खाली कॉलमला फोड आलेले, फोड फोडला की आत तांबडं पाणी, आणि वर कैच्यांचा रंग पापडासारखा सुटलेला. कॉन्ट्रॅक्टरला फोन केला तर म्हणे पुराचं लोखंड आहे, त्याची गॅरंटी कोण देणार, मी कोटेशनमध्ये लिहिलंय का गॅरंटी? लिहिलं नव्हतं. तीन फोननंतर नंबर ब्लॉक.

माझ्या मावसबहिणीचा मुलगा चाकणला पेंट शॉपमध्ये, म्हणजे कारखान्याच्या रंगकाम विभागात, आहे, तो दिवाळीला आला तेव्हा त्याला दाखवलं. त्यानं पहिल्यांदा कापसाचा बोळा थिनरमध्ये भिजवून रंगावर घासला, बोळा हिरवागार. म्हणाला, 'मामा, पीयू आणि इपॉक्सी टू पॅक असतात, बेसमध्ये हार्डनर घालायचा, एकदा का नीट सेट झालं की थिनरनं असं सुटत नाही. हा साधा डब्यातला इनॅमल आहे.' समोरच्या दोन कॉलमवर घासलं तर बोळा पांढरा. म्हणजे माझ्यासमोर मारले तेवढे दोन खरे.

मग मी म्हटलं अरे पण मायक्रॉन तर २१० च्या वरच दाखवले होते. ह्याच्यावर तो हसला आणि ब्लेडनं एका कॉलमवर खाच मारली. वर हिरवा, खाली करडा, त्याच्या खाली निळा, तो निळा तर वडलांच्या वेळचा! मीटरला रंग जुना का नवा ते कळत नाही, प्रोब आणि लोखंड यांच्यामध्ये जेवढं काही आहे ते सगळं तो मोजतो. म्हणजे साहेबांनी माझ्या वडलांनी मारलेला रंग मोजून माझ्याकडनं पैसे घेतले. पुरानंतर बदललेले जे अँगल होते ते आम्ही बिनरंगाचेच बसवले होते, त्यांच्यावर भाच्यानं मीटर टेकवलं, ६५, ७०, ६०. साहेबांनी नेमकं त्या अँगलला मीटर लावलंच नव्हतं, आता आठवतंय.

खरी गंमत मात्र आमच्या वॉचमन तात्यांनी केली. रिकामे डबे त्यांनी भंगारात घातले होते, आणि तात्या भंगाराचा हिशोब वहीत लिहितात, उगं कुणी दोन रुपयांचा आळ घ्यायला नको म्हणून. वहीत होतं, मोठे डबे ७, छोटे डबे २, थिनरचे कॅन ११. भाचा ते वाचून दोन मिनिटं गप्पच बसला. टू पॅकला प्रत्येक मोठ्या डब्यामागं हार्डनरचा एक छोटा डबा असतोच, ह्या मालात सोळा लिटर आणि चार लिटर असा वीसचा सेट. छोटे दोनच म्हणजे सेट दोनच, बाकी पाच मोठे डबे साधे, वीस लिटरचे. एकूण १४० लिटर रंग आणि वर ५५ लिटर थिनर.

किती लागायला पाहिजे होता ते त्यानं तिथंच पोत्यावर बसून काढून दाखवलं आणि हे मी जरा सावकाश लिहितो, कारण हे मला मार्चमध्ये कुणी सांगितलं असतं तर मी वाचलो असतो. कंपनीच्या डेटा शीटवर व्हॉल्यूम सॉलिड म्हणून एक टक्का दिलेला असतो, म्हणजे थिनर उडून गेल्यावर मागं किती राहणार. त्या टक्क्याला दहानं गुणायचं आणि पाहिजे त्या मायक्रॉननं भागायचं, एका लिटरमध्ये किती चौरस मीटर होणार ते येतं. सॉलिड ६० असेल आणि ७५ मायक्रॉन पाहिजे असेल तर ८ चौरस मीटर. आमचे ६,००० स्क्वेअर फूट म्हणजे साधारण ५६० चौरस मीटर, म्हणजे नुसत्या प्रायमरला ७० लिटर. मधला कोट ७० सॉलिडचा धरला तर ८० लिटर, वरचा पीयू ५० चा धरला तर ५६. झाले दोनशेच्या वर, आणि हे एक थेंब वाया न जाता. स्प्रेत उडतो तो वेगळा, कैचीच्या बारक्या अँगलवर तर अर्धा हवेतच जातो. अडीचशे लिटरच्या खाली हे काम बसतच नाही.

आणि टिप चोक झाली होती का? नव्हती. एअरलेसमध्ये पंप रंगालाच दोन तीन हजार पीएसआयनं (पीएसआय हे दाबाचं माप) बारीक भोकातनं ढकलतो, त्यात हवा मिसळत नाही, म्हणून घट्ट रंगही जातो आणि एका हातात जाड थर बसतो. जाड थर म्हणजे माल जास्त. कप गन हवेनं रंग फोडते, चाळीस पन्नास पीएसआयवर, तिला रंग पातळ लागतो. पातळ केला की दिसायला झाकतो, चमकतो पण भरपूर, वाळल्यावर मागं काही राहत नाही. कंप्रेसरच्या आवाजावर जाऊ नका, हवेवर चालणारे एअरलेस पंपही असतात. गनला पेला लटकलाय आणि हवेचा पाईपही जोडलाय का ते बघा. दोन्ही असलं की ते एअरलेस नव्हे, कोण काय का म्हणंना.

वकिलाची नोटीस पाठवली, उत्तर नाही. माझ्याकडं पक्कं बिल नाही, मालाचं चलन नाही, कोटेशनवर त्याची सही पण नाही. वकील म्हणाले दावा घालू शकतो, पण तुमचे किती जातील ते आधी बघा. सोडून दिलं.

यंदा परत काम केलं, ह्या वेळी खाली पाच फूट कॉलम कॉपर स्लॅगनं ब्लास्ट करून पांढरट होईपर्यंत, आणि त्याच दिवशी प्रायमर, रात्र जाऊ दिली नाही. रंग मी स्वतः डीलरकडनं जीएसटी बिलावर आणला, माणसाला फक्त मजुरी. हा मिरजेचा म्हातारा पेंटर, बोलायला कडू. त्यानं आधी सगळ्या कडा आणि वेल्डिंग ब्रशनं मारून घेतलं, का तर धारेवर स्प्रेचा रंग टिकत नाही, मागं सरकतो. कैच्या तर त्यानं ब्रशनंच केल्या, म्हणाला इथं मशीन लावून तुमचा रंग मी कृष्णेला पाजू का. सकाळी लोखंडाला हात लावून बघायचा, थंड आणि दमट वाटलं की दहापर्यंत बसून राहायचा. भाचा म्हणतो तेच पुस्तकात आहे, लोखंड दवबिंदूच्या (हवेतलं पाणी दव होऊन बसतं त्या तापमानाच्या) वर निदान तीन डिग्री आणि हवेत दमटपणा ८५ टक्क्यांच्या आत. ओल्या थराची जाडी बघायला रंगात टोचायचा एक दातेरी कंगवा असतो, तो त्याच्या खिशात कायम. माझा धाकटा कौतुकानं गनच्या तोंडापुढं बोट नेत होता तर असा काय ओरडला म्हणता, तो फवारा कातडी फोडून रंग आत घालतो, वरनं टोचल्यासारखं दिसतं आणि बोट कापायची वेळ येते, तसं झालं तर घरी हळद लावत बसायचं नाही, त्याच घटकेला दवाखाना. आमच्या हळदीच्या गोडाऊनमध्ये उभं राहून हे म्हणाला, तात्या लई हसले.

मीटर मोजताना त्यानं आधी उघड्या लोखंडाच्या तुकड्यावर शून्य करून दाखवलं आणि मग म्हणाला, 'कुठं टेकवायचं ते तुम्ही सांगा, मी नाही.'

परवा विट्याच्या एका पाहुण्यानं मला व्हिडिओ पाठवला, पोल्ट्रीच्या शेडला रंग काढायचाय, हा माणूस कसा आहे, काम तर झकास दिसतंय. बघतो तर आमचंच गोडाऊन, समोरचे दोन कॉलम, पिवळं मशीन, आणि व्हिडिओही मीच काढलेला. मी काही लिहीत बसलो नाही, तात्यांच्या वहीतल्या त्या पानाचा फोटो काढून पाठवून दिला.